घरच्या संगणकाला वॉटर कूलिंग हवे का, हे कसे ठरवावे

वॉटर कूलिंगमध्ये नळ्यांतून फिरणारे पाणी प्रोसेसरमध्ये निर्माण होणारी उष्णता नाहीशी करत नाही. ते ती फक्त रेडिएटरपर्यंत, म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यांच्या जाळीपर्यंत, वाहून नेते आणि तिथून पंखेच ती खोलीतील हवेत सोडतात. त्यामुळे घरगुती वॉटर कूलिंगने प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोलीही कमी तापत नाही, कारण 200 वॅट वीज घेणारा संगणक कोणताही कूलर लावला तरी 200 वॅट उष्णताच बाहेर टाकतो. पाण्याचा खरा फायदा इतकाच, की प्रोसेसरच्या डोक्यावर मावणार नाही एवढा मोठा रेडिएटर कॅबिनेटच्या छताला किंवा पुढच्या बाजूला बसवता येतो. तेवढ्या मोठ्या रेडिएटरची आपल्याला गरज आहे का, हे आधी तपासावे.

त्यासाठी पहिले काम मोजमापाचे. संगणक नुसता चालू असताना दिसणाऱ्या तापमानावरून काहीच ठरत नाही. आपण खरोखर करतो त्यांपैकी सर्वांत जड काम, मग ते व्हिडिओ रेंडरिंग असो, प्रोग्रॅम कंपाइल करणे असो किंवा एखादा खेळ, अर्धा तास चालू ठेवावे आणि एचडब्ल्यूइन्फोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरचे तापमान, त्याची क्लॉक गती (काम करण्याचा वेग) आणि तो घेत असलेले वॅट या तीन गोष्टी नोंदवाव्यात. गती टिकून असेल आणि पंख्याचा आवाज खटकत नसेल, तर नवा कूलर घेण्याचे कारण उरत नाही. केवळ तापमानाच्या आकड्याने घाबरू नये. रायझन 7000 मालिकेतील अनेक प्रोसेसर पूर्ण भाराखाली 95 अंशांपर्यंत जातील अशाच बेताने एएमडीने बनवले आहेत आणि त्यांना मोठा कूलर लावला, तर ते बऱ्याचदा थंड राहण्याऐवजी मिळालेली मोकळीक थोडी जास्त गती गाठण्यासाठी वापरतात.

गती खाली येत असेल, तर कॅबिनेटची बाजूची झाकणपट्टी काढून तीच चाचणी पुन्हा करावी. तापमान आठ-दहा अंशांनी उतरले, तर दोष कूलरचा नसून कॅबिनेटमध्ये हवा न खेळण्याचा आहे. अशा वेळी जाळीतील धूळ काढणे आणि एखादा पंखा वाढवणे जास्त उपयोगी ठरते. फरक पडला नाही, तर कूलर नीट घट्ट बसला आहे ना हे पाहून जुनी थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप, बदलावी.

यानंतरचा उपाय फुकटचा आहे आणि नेमका तोच बहुतेक जण वगळतात. कोअर आय9-13900के या प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा 125 वॅट आणि कमाल टर्बो (वाढीव गतीच्या वेळची) मर्यादा 253 वॅट आहे, पण अनेक मदरबोर्ड, निदान 2024 पूर्वीच्या बायॉसमध्ये, ही वरची मर्यादाही मोकळी सोडत असत. बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, ती आपल्या हाताने खाली आणता येते. शेवटच्या काही टक्के गतीसाठी प्रोसेसर भरमसाट वीज घेत असल्याने वीज निम्मी केली तरी गती निम्मी होत नाही. घट त्याहून बरीच कमी असते. माझ्या मते ही चाचणी केल्याशिवाय वॉटर कूलिंगची खरेदी करूच नये.

एवढे करूनही प्रोसेसर दीर्घकाळ 200 वॅटच्या वर राहत असेल आणि ती गती आपल्याला कामासाठी हवीच असेल, तर 280 किंवा 360 मिलिमीटरचा रेडिएटर असलेला बंदिस्त संच, म्हणजे एआयओ, घेणे योग्य ठरते. साधारण 150 वॅटपर्यंत चांगला टॉवर कूलर, म्हणजे प्रोसेसरवर उभा बसणारा हवेचा कूलर, पुरतो. मधल्या टप्प्यात दोन टॉवरांचा मोठा कूलर आणि एआयओ यांच्यात फारसे अंतर राहत नाही. 120 मिलिमीटरच्या एआयओची शिफारस मी सहसा करणार नाही, कारण तेवढे काम हवेचा कूलर कमी पैशांत करतो. मात्र सुमारे 160 मिलिमीटर उंचीचा टॉवर मावणारच नाही असे अरुंद कॅबिनेट असेल, तर एआयओ ही खरी गरज असू शकते. दिसायला छान वाटते म्हणून घेणेही गैर नाही. फक्त त्याला तापमानाचे कारण जोडू नये.

खेळांसाठी संगणक वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. खेळताना बहुतेक उष्णता ग्राफिक्स कार्डातून येते आणि प्रोसेसरवरचे पाणी तिला हात लावत नाही. उलट रेडिएटर पुढच्या बाजूला बसवून हवा आत ओढली, तर कार्डाला तापलेली हवा मिळते.

आवाज आणि आयुष्य यांचाही हिशेब करावा लागतो. मोठा रेडिएटर जड कामात पंखे हळू फिरवू देतो, शिवाय पाणी सावकाश तापत असल्याने क्षणिक भाराला पंखे एकदम घोंघावत नाहीत. पण पंपाची बारीक घरघर सतत चालू राहते, आणि हलक्या कामात हवेचा कूलर बऱ्याचदा अधिक शांत असतो. हवेच्या कूलरचा पंखा बिघडला तर तेवढा पंखा बदलता येतो. एआयओमध्ये पंप झिजतो, नळ्यांमधून पाणी वर्षानुवर्षे अगदी थोडे थोडे बाष्परूपाने निसटते, आणि शेवटी सहसा पूर्ण संचच बदलावा लागतो. गळती क्वचितच होते, तरी ती झाल्यास इतर भागांचे नुकसान हमीत धरले आहे का, हे आधी वाचून घ्यावे. सुटे भाग जोडून केलेला कस्टम लूप हा छंदाचा भाग आहे; त्यात पाणी बदलावे लागते, तांबे आणि ॲल्युमिनिअम एकत्र आल्यास धातू गंजतो, आणि एखादा भाग काढायचा तरी बऱ्याचदा आधी सगळे पाणी उपसावे लागते.

एआयओ ठरलाच, तर मागवण्यापूर्वी मोजपट्टी घ्यावी. बहुतेक रेडिएटरांची जाडी सुमारे 27 मिलिमीटर असते आणि पंख्याची 25, म्हणजे छताखाली 52 मिलिमीटरहून थोडी अधिक मोकळी जागा हवी, आणि तिथे उंच रॅम आडवी येत नाही ना, हे पाहावे. रेडिएटर छताला बसवणे सर्वांत सोयीचे. पुढे बसवायचा असल्यास त्याचे वरचे टोक पंपापेक्षा उंच ठेवावे, म्हणजे आतला हवेचा बुडबुडा पंपात न अडकता रेडिएटरमध्ये साठतो.