घरच्या नेटवर्कवरचे संगीत अडखळते तेव्हा काय तपासावे

घरच्या सर्व्हरवर साठवलेले संगीत दुसऱ्या खोलीतल्या प्लेअरवर ऐकताना येणाऱ्या बहुतेक तक्रारी दोन प्रकारांत मोडतात. एक तर सर्व्हर किंवा प्लेअर ॲपच्या यादीत दिसतच नाही. किंवा सगळे दिसते, गाणे सुरूही होते, पण मध्येच तुटते. या दोन्हींची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे असतात. न दिसणाऱ्या प्लेअरसाठी वाय-फायचे चॅनेल बदलत बसलो तर वेळच वाया जातो, म्हणून कशालाही हात लावण्याआधी आपली तक्रार यांपैकी कोणती हे नक्की करावे.

इंटरनेटचा वेग वाढवून घेण्याचा विचार मात्र सुरुवातीलाच बाजूला ठेवावा, कारण घरच्या सर्व्हरवरचे गाणे घराबाहेर जातच नाही. शिवाय संगीताची भूक लहान असते. सीडीच्या दर्जाचा, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटचा स्टिरिओ आवाज जसाच्या तसा पाठवला तरी सेकंदाला १,४११ किलोबिट पुरतात, दर्जा न घालवता आवाज आवळून साठवणाऱ्या फ्लॅक फाईलला त्याहून कमी लागतात, आणि २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचा आवाजसुद्धा सुमारे ९.२ मेगाबिटांत भागतो. साधारण वाय-फायला हे जड नाही. पण प्लेअरच्या बफरमध्ये थोड्याच वेळापुरता आवाज साठलेला असतो आणि त्याहून लांब खंड पडला की गाणे थांबते. त्यामुळे आपल्याला शोधायचा असतो तो हा खंड.

आधी न दिसण्याची तक्रार घेऊ. डीएलएनए (घरातल्या उपकरणांनी गाणी आणि चित्रे एकमेकांना पाठवण्याची एक पद्धत) पाळणारी उपकरणे २३९.२५५.२५५.२५० या मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी अनेकांना ऐकू जाणाऱ्या पत्त्यावर, १९०० क्रमांकाच्या पोर्टवर (पत्त्यावरच्या दाराच्या क्रमांकासारखा हा आकडा) हाक देऊन एकमेकांना शोधतात. ॲपलच्या एअरप्लेसारख्या पद्धती त्यासाठी २२४.०.०.२५१ हा पत्ता आणि ५३५३ हे पोर्ट वापरतात. ही हाक एका नेटवर्कच्या हद्दीबाहेर सहसा जात नाही. म्हणून फोन, सर्व्हर आणि प्लेअर या तिघांचे आयपी पत्ते कागदावर एकाखाली एक लिहावेत. घरगुती नेटवर्कमध्ये त्यांचे टिंबांनी वेगळे केलेले पहिले तीन आकडे सहसा सारखे असतात. एकाचा पत्ता १९२.१६८.१.२० आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.१५ असा निघाला, तर बहुधा घरात दोन राउटर आपापले वेगळे नेटवर्क चालवत आहेत असे समजावे आणि दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकावे, म्हणजे तो वेगळे नेटवर्क न चालवता पहिल्याचेच नेटवर्क पुढे नेतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या उपकरणाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही.

पत्ते जुळत असूनही उपकरण दिसत नसेल, तर फोन चुकून गेस्ट नेटवर्कवर आहे का, राउटरमध्ये उपकरणांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारी आयसोलेशनची सोय चालू आहे का, फोनवर व्हीपीएन सुरू आहे का, हे पाहावे. आयफोनवर आयओएस १४ पासून प्रत्येक ॲपला लोकल नेटवर्कची परवानगी वेगळी द्यावी लागते, आणि ती एकदा नाकारली की ॲप पुन्हा विचारत नाही; सेटिंगमध्ये जाऊन ती आपणच द्यावी लागते. विंडोजच्या संगणकावर सर्व्हर असेल, तर नेटवर्क ‘पब्लिक’ ऐवजी ‘प्रायव्हेट’ असल्याची खात्री करावी.

यानंतरची एक चाचणी मला फार उपयोगाची वाटते. सर्व्हरला स्वतःचे वेबपान असेल, तर फोनच्या ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता पोर्टसह थेट लिहून ते उघडते का पाहावे. उघडले, तर रस्ता ठीक आहे आणि फक्त हाक पोहोचत नाही. उपकरणे सुरू केल्यावर काही मिनिटे सगळे दिसते आणि मग नाहीसे होते, असा प्रकार असेल तर संशय राउटरच्या किंवा स्विचच्या (अनेक केबली एकत्र जोडणाऱ्या डबीच्या) आयजीएमपी स्नूपिंगवर, म्हणजे मल्टिकास्ट हाक कोणाकडे पाठवायची हे ठरवणाऱ्या सोयीवर घ्यावा. ते बंद करून फरक पडतो का ते पाहावे.

आता अडखळण्याकडे वळू. तेच गाणे पेनड्राइव्हवर घेऊन थेट प्लेअरला लावावे. तिथेही तुटले, तर नेटवर्कचा दोष नाही. फाईल किंवा प्लेअर तपासावा. तिथे नीट वाजले, तर एखादी लांब केबल तात्पुरती जमिनीवरून ओढून प्लेअर राउटरला जोडावा. आवाज सुधारला तर दोष वाय-फायचा, नाही सुधारला तर तो सर्व्हरच्या बाजूला. इतक्या दोन चाचण्यांत शोधाचा बराचसा भाग उरकतो, आणि तरीही लोक त्या टाळतात याचे मला वाईट वाटते.

मीही एकदा त्या टाळल्या होत्या. दर दोन-तीन गाण्यांमागे आवाज तुटत होता आणि मी आठवडाभर वाय-फायच्या सेटिंग बदलत होतो. शेवटी लॅपटॉप केबलने जोडून सर्व्हरला सतत पिंग लावले, म्हणजे ‘आहेस का?’ असे पुन्हा पुन्हा विचारून उत्तराला किती वेळ लागतो हे दाखवणारी आज्ञा चालवली, आणि गाणे सुरू ठेवून पडद्याकडे पाहत बसलो. एकेक मिलिसेकंदाची उत्तरे येत राहिली, मग ओळीने तीन-चार उत्तरे आलीच नाहीत, आणि काही क्षणांत गाणे थांबले. स्विचकडे पाहिले तर सर्व्हरची केबल जिथे जोडली होती त्या खोबणीवरचा दिवा विझून पुन्हा लागत होता. केबल कपाटाच्या पायाखाली दबली होती. नवी केबल टाकली आणि त्रास संपला. म्हणून पिंग सर्व्हरला आणि प्लेअरला वेगवेगळे लावावे, आणि गाणे तुटते त्या क्षणी कोणाकडून उत्तर येत नाही हे बघावे.

दोष वाय-फायचाच ठरला, तर प्लेअर प्रथम ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर न्यावा. मात्र तो भिंतींपलीकडे लवकर क्षीण होतो. २.४ गिगाहर्ट्झवरच राहावे लागत असेल, तर १, ६ आणि ११ हीच चॅनेल एकमेकांवर न चढणारी असल्यामुळे त्यांतले कमी गर्दीचे चॅनेल निवडावे आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात काम करतात, त्यामुळे स्वयंपाकाच्या वेळीच गाणे तुटत असेल तर ती खूण समजावी. प्लेअर टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी फडताळात असेल, तर तो हातभर पुढे ओढल्यानेही फरक पडतो.

किरकोळ खुणाही ओळखून ठेवाव्यात. फक्त पहिलेच गाणे उशिरा सुरू होत असेल, तर सर्व्हरची डिस्क झोपलेली असते. एमपीथ्री नीट चालून जड फाईलच अडखळत असतील, तर सर्व्हर त्यांचे रूपांतर करत बसला आहे का, हे पाहून ते बंद करावे. राउटर बंद-चालू केल्यावर सर्व्हर हरवत असेल, तर राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता राखून ठेवावा.

प्रत्येक वेळी एकच बदल करून त्याची नोंद ठेवावी. राउटर फॅक्टरी रीसेट करण्याची घाई करू नये, कारण त्यात चांगल्या सेटिंगही जातात. दोष गेला असे वाटल्यावर आपल्याकडची सर्वांत जड फाईल निवडून तासभर वाजवावी, आणि तेही घरातले सगळे जण नेटवर्क वापरत असतील अशा वेळी.