बादली उचलताना कंबरेतून नाही, खुब्यातून वाका
खुब्याचा सांधा उखळीचा. मांडीच्या हाडाचा गोल माथा खोबणीत बसलेला, म्हणून वाकण्याचं मोठं काम त्याचं. कंबरेच्या दोन मणक्यांमध्ये हालचाल थोडीच होते, आणि आपण नेमके तिथूनच वाकतो! 15 लिटर पाण्याची बादली म्हणजे 15 किलो. ती कंबरेपासून 20 ऐवजी 40 सेंटीमीटरवर धरली, तर त्या वजनाचा पाठीवरचा ताण दुप्पट. तरफेचाच नियम. म्हणून बादलीला खेटून उभे राहा, गुडघे सैल सोडा आणि मागच्या पाटावर बसायला निघाल्यासारखे नितंब मागे न्या. सवय होईपर्यंत रिकाम्या हातांनी करून बघा: तळव्यांच्या कडा जांघेच्या घडीत ठेवा. वाकताना त्या घडीत चिमटल्या, तर तुम्ही खुब्यातून वाकताय.