ट्रकचा अल्टरनेटर बदलायचा की नाही? माझा अनुभव

टेक्सासमध्ये माझ्याकडे १९७६ चा पिकअप आहे. मूळ ६० अँपिअरचा अल्टरनेटर (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारा, बॅटरी चार्ज करणारा), त्याचा व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर वेगळा. सिग्नलला थांबलं की हेडलाइट पिवळे पडायचे आणि दर पंधरवड्याला बॅटरी बसायची. आधी बॅटरी बदलली, मग बेल्ट, मग रेग्युलेटर. पैसे गेले, दिवे तसेच. शेवटी १३० अँपिअरचा अल्टरनेटर मागवणारच होतो.

त्याआधी मल्टिमीटर काढला. इंजिन १५०० आरपीएमवर, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. बॅटरीवर १३.१ व्होल्ट, पण अल्टरनेटरच्या आउटपुट बोल्टपासून त्याच्याच बॉडीपर्यंत १४.२! म्हणजे तो बिचारा काम करत होता, १.१ व्होल्ट वाटेत गळत होते. आउटपुट बोल्ट ते बॅटरी पॉझिटिव्ह: ०.२. अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरी निगेटिव्ह: ०.९. म्हणजे चोर अर्थिंगमध्ये, बॅटरी निगेटिव्हकडे करंट परतण्याच्या वाटेत.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. इंजिनकडची अर्थ पट्टी सोडवली. खाली रंगाचा थर आणि हिरवट गंज. पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासलं, नवी जाड पट्टी दातेरी वॉशरसकट आवळली. रेग्युलेटरच्या बॉडीचं अर्थिंगही तसंच केलं, विसरू नका. निगेटिव्ह परत जोडून बॅटरीवर मोजलं: १४.१ व्होल्ट.

मग क्लॅम्प मीटरने (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा) सगळा लोड मोजला: ३१ अँपिअर, म्हणजे ६० च्या जेमतेम निम्मा. त्यामुळे जुनाच अल्टरनेटर ठेवला. उद्या इलेक्ट्रिक पंखा बसवला तर मोठा घेईन, पण सोबत जाड चार्जिंग वायर आणि फ्यूजही. सगळा करंट डॅशबोर्डच्या जुन्या अँमीटरमधून (करंट दाखवणारा काटा) जात असेल, तर त्याचीही वायरिंग आधी बदलावी लागेल, नाहीतर तिथेच धूर निघायचा.