नेफ्रोलेपिसची शीट करायला निघताना

नेफ्रोलेपिस म्हणजे बाल्कनीतल्या बोस्टन फर्नचा वंश (genus), जवळच्या जातींचा गट; आणि शीट म्हणजे दाबून वाळवलेला नमुना लावलेला कागद. ते गोळा करायला निघताना आधी खुरपं घ्या, कात्री नंतर. या नेच्यांची नुसती पानं कापून आणली, की जात ठरवणाऱ्याच्या डोक्याला ताप होतो. फ्लोरिडात मूळचा नेफ्रोलेपिस एक्झाल्टाटा आणि बाहेरून येऊन माजलेला कॉर्डिफोलिया दिसायला जवळपास सारखेच. कॉर्डिफोलियाला जमिनीतल्या धावत्या फुटव्यांवर खवलेदार कंद येतात, एक्झाल्टाटाला येत नाहीत. कंद मिळाला तर प्रश्न मिटला. नाही मिळाला तर दहापट भिंगातून पानाच्या दांड्यावरचे खवले बघायचे: कॉर्डिफोलियाचा खवला चिकटतो तिथे गडद आणि बाकी फिका, एक्झाल्टाटाचा सगळा एकरंगी. म्हणून गड्डा, फुटवे, खवले सगळं घ्या. कंद पाणीदार असतो, उभा चिरूनच दाबा.

रद्दी, टिपकागद, प्रेस (नमुने दाबायच्या फळ्या) आणि पट्टे हे नेहमीचंच. लहान कागदी पाकिटं मात्र विसरू नका. नेफ्रोलेपिसच्या पर्णिका (पानाचे लहान भाग) दांड्याला सांध्यावर जोडलेल्या असतात, वाळताना टपाटप गळतात, आणि पाकीट नसेल तर शीटवर उरतो नुसता दांडा. प्रेस लगेच बांधा, टिपकागद रोज बदला. नेफ्रोलेपिस बायसेराटा या जातीचं पान मीटरभराहून मोठं आणि शीट साधारण 42 × 28 सेंमीची, तेव्हा पान नागमोडी दुमडा. टोक आणि बुंधा दोन्ही दिसू द्या. काही पर्णिका उलट्या ठेवा, बीजाणूपुंज (बीजाणूंचे ठिपके) मागच्या बाजूला असतात.

लेबलवर तारीख, अक्षांश-रेखांश, उंची, संकलन क्रमांक, आणि झाड जमिनीवर होतं की ताडाच्या खोडावर, हे लिहा. कुंडीतलं असेल तर ‘लागवडीचं’ असं ठळक. कुंडीतला नमुना रानातला म्हणून नोंदला गेला की जातीच्या प्रसाराचा नकाशाच चुकतो. राखीव जंगलात वनखात्याची लेखी परवानगी हवी. नमुना परदेशी हर्बेरियमला (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयाला) द्यायचा असेल तर जैविक विविधता कायदा, 2002 खालची परवानगी लागते का, हे आधीच विचारून ठेवा.

जुन्या शीट चाळायच्या असतील तर हातमोजे घाला, किडीसाठी पूर्वी त्यांना पाऱ्याचं संयुग लावत. आपली वाळलेली शीट प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठवडाभर उणे 20 अंशांवर ठेवा. बाहेर काढल्याबरोबर पिशवी उघडू नका, आतलं खोलीच्या तापमानाला येऊ द्या. नाहीतर कागदावर दव धरतं.