शेल स्क्रिप्टमध्ये इफ लिहिताना या चुका टाळा

शेलमधला (कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममधला) इफ पुढची कमांड चालवतो आणि तिचा एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना परत देते तो आकडा, बघतो, बस्स. ० आला तर अट खरी, दुसरं काहीही आलं तर खोटी. सी किंवा पायथनमधून आलेल्यांची गल्लत इथेच होते, कारण तिकडे ० म्हणजे खोटं.

चौकटी कंस `[` हीसुद्धा कमांडच आहे. म्हणून त्याच्यानंतर स्पेस हवीच, नाहीतर 'कमांड नॉट फाउंड' ठरलेलं.

डबल कोट गाळले की त्रास वाढतो. `[ $1 = 5 ]` मध्ये `$1` (स्क्रिप्टला दिलेली पहिली किंमत) रिकामं असलं तर कंसाच्या हाती फक्त `= 5` लागतं आणि बॅश हा शेल 'युनरी ऑपरेटर एक्स्पेक्टेड' म्हणतो. हे निदान दिसतं तरी. `"$1"` असंच लिहायची सवय लावून घ्या.

सगळ्यात घातक चूक म्हणजे `[ "$1" > 80 ]`. डिस्क ८० टक्क्यांच्या वर गेली का, हे तपासायचं असतं. पण इथे `>` म्हणजे रीडायरेक्शन, आउटपुट फाइलमध्ये वळवणं. डिस्क ५ टक्के भरलेली असली तरी अट खरीच निघते आणि चालू फोल्डरमध्ये 80 नावाची रिकामी फाइल तयार होते. आकड्याच्या नावाची फाइल कुठे दिसली तर आधी स्क्रिप्टमधल्या अटी उघडून बघा. `[[ ]]` वापरूनही सुटका नाही: तिथे `>` अक्षरांच्या क्रमाने तुलना करतं, त्यामुळे 9 हा 80 पेक्षा मोठा ठरतो. बॅशमध्ये आकड्यांसाठी `(( $1 > 80 ))` लिहा. डीएफच्या (डिस्क किती भरली ते सांगणाऱ्या कमांडच्या) आउटपुटमधलं % चिन्ह मात्र आधी काढून टाका.

एकेरी कंसात `==` नको, एकच `=` पुरे. उबंटूवर २००६ पासून 'एसएच' म्हणजे डॅश हा वेगळा शेल, आणि त्याला `==` चालत नाही.

`&&` (आधीची कमांड यशस्वी झाली तर पुढची चालवा) आणि `||` (अपयशी झाली तर पुढची चालवा) एका ओळीत जोडून इफ-एल्सचं काम भागवू नका. ग्रेपला (मजकूर शोधणाऱ्या कमांडला) ओळ सापडली `&&` मेल पाठव `||` 'सापडली नाही' असं लिही, या रचनेत मेल अडकला तरी लॉगमध्ये 'सापडली नाही' येतं. मग माणूस नको तिथे शोधत बसतो.

`$?` (शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड) नंतर तपासायचं ठरवलंत आणि मध्ये एक एको (मजकूर छापणारी कमांड) घातलात, तर हाती एकोचा कोड येतो. त्यापेक्षा ग्रेप थेट इफपुढे लिहा. अट लांबली तर तिचं फंक्शन करा आणि 'डिस्क भरली का' अशा अर्थाचं नाव द्या; इफला फंक्शनही कमांडसारखंच चालतं. स्क्रिप्ट सर्व्हरवर टाकण्याआधी शेलचेक या तपासणी टूलमधून काढा, कोट गाळलेल्या जागा तो ओळ क्रमांकासकट दाखवतो.