डीपीएफचा दिवा आणि फाटकी नळी

सेकंडहँड डिझेल एसयूव्ही घेतली, २०२० ची, बीएस-६. तिसऱ्याच आठवड्यात घोडबंदर रोडवर, कासारवडवलीच्या ट्रॅफिकमध्ये रखडलेलो असताना डीपीएफचा, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा पेटला. पिकअपही मेला.

मोठ्या सर्व्हिस सेंटरने सरळ सांगितलं, "फिल्टर बदला." आकडा ऐकून बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की बस्स! (स्वस्तात मिळाली म्हणून मीच उड्या मारल्या होत्या.)

मग तुर्भ्याच्या एका गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने स्कॅनर लावायच्या आधी डिपस्टिक काढून माझ्या नाकाशी धरली. "साहेब, वास घ्या." ऑइलला चक्क डिझेलचा वास, आणि पातळी खुणेच्या वर! फिल्टरमधली काजळी जाळायला इंजिन जादा डिझेल सोडतं. ते काम वरचेवर अर्धवट राहिलं की डिझेल ऑइलमध्ये उतरतं. आधीचे मालक गाडी घर ते स्टेशन एवढीच चालवायचे, हे तेव्हा आठवलं.

स्कॅनरवर, फिल्टर किती तुंबलाय ते सांगणाऱ्या प्रेशर सेन्सरचा एरर. गाडी लिफ्टवर घेतली, तर सेन्सरकडे जाणाऱ्या रबरी नळीला बोटभर चीर. रीडिंगच चुकत असल्याने आता तर फिल्टर स्वतःला साफ करायला घेतच नव्हता.

नळी बदलली, ऑइल आणि ऑइल फिल्टर नवीन, स्कॅनरवरून काजळी जाळून घेतली. रविवारी नाशिक हायवेला शहापूरपर्यंत एका दमात जाऊन आलो. दिवा गेला तो गेलाच.

आता काजळी साठू नये म्हणून दर पंधरवड्याला ही फेरी ठरलेली. बायको म्हणते, वडापावसाठी जाता.