परदेशात गाडीची पावती फाटली तर

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या माझ्या शेडवर गेल्या वर्षभरात तिघं जण दंडाचा निरोप घेऊन आले. एकाचा दुबईचा, एकाचा लंडनचा, एकाचा इटलीचा. प्रश्न तिघांचा एकच: "हे भरायचं का सोडून द्यायचं?" माझ्याकडं आले, कारण मी यातनं गेलोय हे त्यांना माहीत होतं. मला तेव्हा सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून जे कळलं ते एकदा नीट लिहून ठेवतो.

माझं झालं ते असं. आमचं कास्टिंगचं, म्हणजे वितळलेला धातू ओतून भाग करायचं काम. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला दर चार वर्षांनी गीफा हे फौंड्रीचं प्रदर्शन भरतं. मागचं १२ ते १६ जून २०२३ ला झालं. तिथून आम्ही दोघं मित्र इटलीत ब्रेशियाला एक मशीन बघायला गेलो आणि काम आटोपल्यावर भाड्याची गाडी घेऊन दोन दिवस टस्कनीत फिरलो. एका जुन्या गावात हॉटेल शोधत मी आत शिरलो, रस्ता चुकलो, बाहेर पडलो आणि वळसा घालून परत त्याच गल्लीतनं आत गेलो. कुणी अडवलं नाही. शिट्टी वाजली नाही. आम्ही गाडी परत केली, विमानात बसलो, राजारामपुरीत घरी आलो. गावाचं नाव घेत नाही, कारण चूक माझी होती, गावाची नव्हती.

ऑगस्टमध्ये भाडेवाल्या कंपनीनं माझ्या क्रेडिट कार्डावरून दोनदा चाळीस-चाळीस युरो कापले. मला वाटलं, काहीतरी दंड होता, गेला, विषय संपला. इथंच बहुतेक लोक फसतात. ते पैसे दंडाचे नसतात. पोलिसांनी गाडीच्या नंबरावरून कंपनीला विचारलं, "गाडी कुणाकडं होती?" आणि कंपनीनं तुमचं नाव-पत्ता कळवला, त्या कागदी कामाची ती फी असते. करारात बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं आणि आपण सही केलेली असते. खरा दंड मागाहून येतो. इटलीत परदेशी माणसाला नोटीस पाठवायला ३६० दिवसांची मुदत आहे, आणि ती गाडी कुणाकडं होती हे त्यांना कळल्यापासून मोजतात. माझी नोटीस फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. मी तेव्हा कामासाठी पुण्यात होतो. रजिस्टर पोस्ट वडिलांनी सही करून घेतलं, आतले शिक्के बघितले आणि फोन केला, "काय केलंस रे तिकडं?" त्यांचा आवाज अजून कानात आहे. सत्याहत्तर वर्षांचा माणूस, घरात कधी पोलिसाचा कागद आला नव्हता.

आता गुन्हा काय होता ते सांगतो, कारण इटलीला जाणाऱ्या आपल्या लोकांच्या पावत्या सगळ्यात जास्त याच कारणानं फाटतात. फ्लॉरेन्स, पिसा, सिएना अशा जुन्या शहरांच्या गाभ्यात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. त्या भागाला ते ‘झेडटीएल’ म्हणतात. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवती, महाद्वार रोड, भवानी मंडप या बाजूला आपल्याकडं गाड्या सोडत नाहीत, तसंच समजा. फरक इतकाच की आपल्याकडं बॅरिकेड असतं, पोलीस असतो, तो हात करून मागं फिरवतो. तिथं फक्त तांबड्या कडेची पांढरी गोल पाटी आणि वर कॅमेरा. पाटीखाली दिव्यांच्या अक्षरात ‘वार्को अत्तीवो’ असं दिसलं की आपल्याला वाटतं रस्ता चालू आहे. अर्थ उलटा आहे. कॅमेरा चालू आहे, आत येऊ नका, असं ते सांगतंय. ‘वार्को नॉन अत्तीवो’ असेल तरच जायचं. आणि जितक्या वेळा आत शिराल तितके दंड. मी नऊ मिनिटांत दोनदा शिरलो, म्हणून दोन नोटिसा. तुमचं हॉटेल त्या भागातच असेल तर हॉटेलवाले तुमच्या गाडीचा नंबर कळवून परवानगी घेऊ शकतात, पण ते तुम्ही सांगायला हवं. आपोआप होत नाही.

कागद हातात पडला की आधी बघायचं, तो कुणी पाठवलाय. नगरपालिकेचे पोलीस, सरकारी खातं, भाडेवाली कंपनी, खासगी पार्किंगवाला का वसुली करणारी संस्था? प्रत्येकाचं वजन वेगळं. मग गाडीचा नंबर, तारीख आणि वेळ आपल्या करारातल्या तारखांशी पडताळा. गाडी परत केल्यानंतरची वेळ असेल तर ती पावती तुमची नाहीच. अमेरिकेचा कागद असेल तर तारखेत महिना आधी लिहितात हे ध्यानात ठेवा. ०७/०८ म्हणजे तिथं ८ जुलै. त्यानंतर मुदत. ती मोठ्या अक्षरात कॅलेंडरवर लिहा आणि नोटीस घरी कुठल्या दिवशी पोचली तेही लिहा. पाकीट फेकू नका, शिक्का त्याच्यावरच असतो.

इटलीच्या नोटिशीला ‘वर्बाले’ म्हणतात. ‘तार्गा’ म्हणजे गाडीचा नंबर, ‘इंपोर्तो’ म्हणजे रक्कम. एवढे तीन शब्द सापडले की निम्मा कागद वाचून होतो, बाकीचा फोनच्या कॅमेऱ्यानं भाषांतर होतो. माझा मूळ दंड एका नोटिशीला ८३ युरो होता, वर पाठवणीचा खर्च वेगळा. नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत भरला तर ३० टक्के सूट, म्हणजे ५८ युरो १० सेंट. साठ दिवसांत भरला तर ८३. साठ दिवस उलटले की रक्कम कायद्यातल्या कमाल दंडाच्या निम्म्यावर जाते. माझ्या कलमात ती दुप्पट होत होती, १६६.

वडिलांनी सही केली त्या दिवसापासून घड्याळ चालू झालेलं. मी तिसऱ्या दिवशी रात्री घरी पोचलो. चौथ्या दिवशी नोटिशीवर दिलेल्या संकेतस्थळावर नोटिशीचा नंबर आणि गाडीचा नंबर टाकला. कॅमेऱ्यानं काढलेला आमच्या गाडीचा फोटो समोर आला. मन थोडं शांत झालं, कागद खरा होता. पैसे भरायला गेलो तर कार्ड चालेना. कारण साधं निघालं. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवं कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू असतं. परदेशी व्यवहार आपण ॲपमध्ये जाऊन सुरू करावा लागतो. माझं कार्ड मधल्या काळात बदलून आलेलं आणि ते बटण बंद होतं. ते सुरू केलं, मर्यादा वाढवली आणि पाचव्या दिवशी सकाळी दोन्ही पावत्या भरल्या. म्हणून सांगतो, भरायला बसण्याआधी कार्ड तपासा. बँक वर आपला आकार लावते, तो धरूनच हिशोब करा.

कार्डानं भरायची सोय नसेल तर बँकेतनं पैसे पाठवावे लागतात. नोटिशीवरचा खाते क्रमांक, ज्याला ते आयबॅन म्हणतात, आणि बँकेचा स्विफ्ट कोड अक्षर न् अक्षर तपासून लिहा. शेरा लिहायच्या जागी नोटिशीचा नंबर, तारीख आणि गाडीचा नंबर टाका, नाहीतर पैसे कुठल्या पावतीचे ते तिकडं कळत नाही. आणि शाखेत स्पष्ट सांगा की मधल्या बँकांचा खर्चसुद्धा मी भरणार. तो खर्च पाठवलेल्या रकमेतनं कापला गेला तर तिकडं दोन-तीन युरो कमी पोचतात आणि दंड अपुरा भरला असं धरलं जातं.

उद्यमनगरात सल्ला देणारे खूप. "कोण येतंय कोल्हापुरात वसुलीला?" हे मी दहा जणांकडनं ऐकलं. माझं मत ठाम आहे: दंड बरोबर असेल तर भरा. रक्कम वाढत जाते, पुढं वसुलीच्या संस्थेकडं जाते आणि आपल्याला त्या देशात परत जायचं असतं, गाडी परत भाड्यानं घ्यायची असते. त्यापेक्षा मोठं कारण माझ्यापुरतं असं की त्या गल्लीत म्हाताऱ्या बायका दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि मी त्यांच्या पायाशी गाडी नेली होती. आपल्या महाद्वारात कुणी असं केलं तर आपल्याला राग येतोच की.

पण चुकीची पावती मुकाट भरू नका. नंबर तुमचा नाही, वेळ जुळत नाही, हॉटेलनं परवानगी घेतली होती, असं काही असेल तर हरकत घ्या. त्यासाठी करार, गाडी परत केल्याची पावती आणि हॉटेलचं बिल लागतं. इटलीत प्रीफेक्टकडं, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी अधिकाऱ्याकडं, अर्ज करायला फी नाही, पण तिथं हरलात तर दंड किमान दुप्पट होतो. तिथल्या न्यायाधीशाकडंही जाता येतं, त्याला फी आहे. आणि एकदा पैसे भरले की हरकत संपली, दोन्ही एकत्र चालत नाही. म्हणून ठरवा आणि मगच भरा. माझ्या दुसऱ्या नोटिशीवर हरकत घ्यावी असं मित्राचं म्हणणं होतं, नऊ मिनिटांचाच तर फरक. पण आमच्याच फोनमधल्या फोटोत ती गोल पाटी स्वच्छ दिसत होती. मी भरून टाकले.

लंडनच्या कागदाचं वेगळं. तिथं नगरपालिकेची किंवा शहराच्या वाहतूक खात्याची पार्किंग वा प्रवेशकराची नोटीस असेल तर १४ दिवसांत भरल्यास साधारण निम्मी होते. खासगी पार्किंगवाल्याचा कागद दिसायला अगदी तसाच असतो, म्हणून वरचं नाव वाचा. वेगाचा कागद पोलिसांकडनं आला तर आधी विचारतात ते गाडी कोण चालवत होतं. त्याचं उत्तर २८ दिवसांत द्यायचंच, न देणं हा वेगळा आणि मोठा गुन्हा आहे. दोघं-तिघं आळीपाळीनं चालवणार असाल तर कुठून कुठपर्यंत कोण हे रोज वहीत लिहा. इतर चालकांची नावं करारात घातलेली असली पाहिजेत, हे वेगळं सांगायला नको.

दुबईत कागदाची वाटच बघू नका. दंड गाडीच्या नंबरावर चढतो, पोलिसांच्या ॲपवर दिसतो आणि भाडेवाले अनामत रकमेतनं कापतात. गाडी परत करायच्या आदल्या रात्री नंबर टाकून बघा, म्हणजे मागाहून कापलेली रक्कम खरी का खोटी ते कळतं. दुबईत फलकावरच्या मर्यादेपेक्षा वीस किलोमीटरपर्यंत सूट असते. अबू धाबीत ती नाही, आणि सरळ त्याच रस्त्यानं पुढं गेलं की लोक तिथं सापडतात. स्वित्झर्लंडला हायवेवर चढण्याआधी ४० फ्रँकचं वर्षाचं रस्ताकराचं स्टिकर किंवा त्याची ऑनलाइन नोंद लागते, नसली तर २०० फ्रँक दंड आणि वर स्टिकरचे पैसे. तिथली भाड्याची गाडी असेल तर बहुधा लावलेलं असतं, शेजारच्या देशातनं आणली असेल तर बघून घ्या. स्पेनमध्ये वीस दिवसांत भरलं तर बहुतेक दंड निम्मे होतात.

पोलिसानं समोर अडवलं तर काय, हा प्रश्न बायकामाणसांना आणि वडीलधाऱ्यांना जास्त सतावतो. माझा भाचा अमेरिकेत असतो. त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं, "मामा, मागं दिवे लागले तर गाडी उजवीकडं कडेला घ्यायची. काच खाली, हात स्टिअरिंगवर. दार उघडायचं नाही." आपल्याकडं आपण लगेच उतरून साहेबांकडं जातो, तो मान देण्याचा भाग असतो. तिथं उतरणं म्हणजे धोका. कागद मागितल्यावर, "पिशवीत आहेत, काढतो," असं सांगून मगच हात हलवा. सही मागितली तर बहुतेक राज्यांत ती गुन्हा कबूल केल्याची नसते, मुदतीत उत्तर देईन या वचनाची असते. आणि "इथंच मिटवूया का" हे वाक्य कुठल्याच देशात तोंडातनं काढू नका. ती लाच ठरते, आणि मग दंडाचं प्रकरण तुरुंगाचं होतं. युरोपात काही ठिकाणी पोलीस जागेवर दंड घेतात. तो कायदेशीर असतो, पण छापील पावती मागून घ्या. थायलंडमध्ये भाड्याच्या स्कूटरवर आपली पोरं सापडतात ती हेल्मेट आणि परवान्यावरून. तिथंही पावती घ्या, आणि ठाण्यावर जाऊन भरायला सांगितलं तर जा.

परवान्याचं काम इथूनच करून जायचं. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, म्हणजे आयडीपी, ताराबाई पार्कातल्या आपल्या आरटीओत मिळतो. परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज, सोबत आपला परवाना, पासपोर्ट, व्हिसा. फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. तो एकटा चालत नाही, मूळ परवाना सोबत लागतोच. आणि ज्या वर्गाचं वाहन आपल्या परवान्यावर आहे तेच चालवता येतं. फक्त चारचाकीचा परवाना असलेल्यानं थायलंडात फुकेतला स्कूटर घेतली की विमासुद्धा हात वर करतो.

एक सावधगिरी. फोनवर मेसेज येतो, "तुमचा दंड बाकी आहे, इथं दाबा." दाबू नका, एपीके फाईल तर उघडूच नका. कागदावरचा पत्ता स्वतः टाइप करा आणि नोटिशीचा नंबर टाकून गाडीचा तपशील दिसतो का ते बघा. दिसला तरच पुढं.

दोन्ही पावत्या, पैसे भरल्याचा पुरावा, करार आणि तो लखोटा मी एका फाईलीत घालून शेडवरच्या कपाटात ठेवलाय. इटलीत असा दंड पाच वर्षांपर्यंत मागता येतो, म्हणून २०२९ पर्यंत ती फाईल हलवणार नाही. २०२७ च्या गीफाला परत जायचं आहे. तिकीट काढलं की त्याच आठवड्यात आयडीपीचा अर्ज टाकणार, आणि हॉटेल ठरवताना पहिल्यांदा विचारणार, गाडी गावाबाहेर कुठं लावायची.